बिडाच्या ब्लॉकला चीर गेली तर भंगारात घालू नका, पण लगेच वेल्डिंगही मारू नका

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं विहिरीवरचं एक ५ एचपीचं डिझेल इंजिन आलं, ट्रॉलीत उसाच्या पाल्यावर आडवं घालून आणलेलं. मालक म्हणाले, मिस्त्री, फार काही नाही, जरा पाणी झिरपतंय, वेल्डिंगचा एक टाका मारून द्या, संध्याकाळी पाणी पाजायचंय. बघितलं तर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सिलेंडर ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला, वॉटर जॅकेटवर, म्हणजे सिलेंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीच्या भिंतीवर, चार बोटं लांब केसासारखी चीर, आणि तिच्यावर कुणीतरी आधीच साध्या रॉडने एक टाका मारून बघितलेला. त्या टाक्याच्या दोन्ही अंगांना दोन नव्या चिरा. म्हणजे एकीच्या तीन झाल्या होत्या.

असं काम महिन्यातनं एखादं येतंच आणि बहुतेकदा असंच बिघडवून येतं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं. घरी करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल आणि ज्यांना फक्त वेल्डरकडं न्यायचंय त्यांना निदान काय विचारायचं ते तरी कळेल.

आधी हे झालं कसं ते. शेतावरच्या बऱ्याच इंजिनांना रेडिएटर नसतो, पंपाच्या डिलिव्हरी पाइपातनंच एक बारकी नळी काढून पाणी जॅकेटमध्ये सोडलेलं असतं. त्या दिवशी विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असतो त्या फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला, पंपाने हवा धरली, पाणी बंद, आणि इंजिन कोरडंच ठकठक करत राहिलं. मालकाचा मुलगा आला, बघतो तर पाणी नाही, त्याने घाईने बादली ओतून पंप भरला, पंपाने पाणी उचललं आणि विहिरीचं गार पाणी सरळ तापलेल्या जॅकेटमध्ये. "टण्ण करून आवाज आला काका, मला वाटलं दगड लागला," असं तो पोरगा सांगत होता. थंडीच्या मुलखात ब्लॉक फुटतो तो आतलं पाणी गोठून, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाला ते सोसत नाही. आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठले तरी पेपरात फोटो येतो, त्यामुळं आपले ब्लॉक फुटतात ते उन्हाळ्यात, असेच. तेव्हा पहिली गोष्ट ही की इंजिन तापलं असेल तर बंद करा, पाऊण तास झाडाखाली जाऊन बसा, मग पाणी घाला.

आता बीड म्हणजे काय प्रकार आहे ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. घरात बिडाचा तवा असेल त्याला हे सांगायला नको, लोखंडी तवा हातातनं पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर दोन तुकडे. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि ब्लॉकच्या राखाडी बिडात त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारक्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळं बीड सहज ओतता येतं, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, इंजिनाचा थरथराट पोटात घेतं, सगळे गुण त्यातलेच. पण तोच पापुद्रा म्हणजे आतमध्ये तयार असलेली बारकी भेग. दाबलं तर बीड भलतं दणकट, ताणलं तर लगेच तुटतं, मध्ये वाकणं-लांबणं हा प्रकारच नाही.

वेल्डिंगमध्ये नेमकं ताणणंच होतं. वितळलेला धातू गार होताना आकसतो आणि दोन्ही बाजूंना आपल्याकडं ओढतो. लोखंडी पत्रा असेल तर तो थोडा वाकून जुळवून घेतो, बीड जुळवून घेत नाही, ते टाक्याच्या शेजारी तुटतं. त्यात साधा एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, रॉड मारला की बिडातला कार्बन त्या टाक्यात शिरतो आणि टाका काचेसारखा कडक होतो, ड्रिल लावलं तर नुसतं घसरतं. शिवाय टाक्याच्या कडेचं बीड झपाट्याने गार झाल्यामुळं पांढरं, ठिसूळ होतं. त्या मालकाच्या ब्लॉकवर दोन नव्या चिरा टाक्याच्या अगदी कडेकडेने गेल्या होत्या त्या याच कारणाने. मारणाऱ्याचा हात वाईट नव्हता, टाका दिसायला सुरेख होता.

कामाला लागायच्या आधी चीर नक्की कुठून कुठपर्यंत आहे ते शोधायचं. डोळ्याला दिसते त्यापेक्षा ती नेहमी लांब असते. ब्लॉक पूर्ण मोकळा करा, डिझेल किंवा रॉकेलने धुवा, वायर ब्रशने रंग, गंज सगळं काढा. मग जुनी युक्ती, चिरेच्या भागाला रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर खडूची बारीक पूड चोळा. चिरेत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली काळपट रेघ उमटते. दुकानात यासाठी तीन डब्यांचं स्प्रे किट मिळतं, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर, ते जास्त अचूक दाखवतं, पण तत्त्व एकच. रेघ जिथं संपते तिथं सेंटर पंच मारून खूण करून ठेवा, कारण पुढं घासाघाशीत ती दिसेनाशी होते. हातोडीने हलकं टिचकवूनही अंदाज येतो, सलग बीड खणखणतं, फुटलेलं बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, चीर आहे कुठं. बाहेरच्या जॅकेटवर असेल तर तुमचं नशीब चांगलं, तिथं फक्त पाणी अडवायचंय, ताकद फारशी लागत नाही. सिलेंडरच्या आतल्या भिंतीत असेल तर वेल्डिंगचं नाव काढू नका, ते बोअरिंगवाल्याचं काम, तो बोअर मोठा करून ड्राय लायनर, म्हणजे पातळ नळी, आत दाबून बसवतो आणि चीर लायनरच्या मागं झाकली जाते. वेट लायनरचं, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं असं, इंजिन असेल तर आधी लायनर आणि त्याच्या रबर रिंगा तपासा, बरेच वेळा ब्लॉकला चीर नसतेच, रिंग गेलेली असते आणि लोक उगाच ब्लॉकला दोष देतात. हेड बसतं त्या पृष्ठभागावर बोल्टाच्या भोकाजवळ चीर असेल तर स्टिचिंग, म्हणजे खिळ्यांनी चीर शिवणं (पुढं सांगतो), करणारा चांगला कारागीर गाठा. आणि मेन बेअरिंग बसतं त्या जाड पट्टीत चीर असेल तर मी स्वतः हात लावत नाही, क्रँकचा सगळा दणका तिथं येतो, तो ब्लॉक बदललेला बरा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात तर फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, तोटा नाही, शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज बीड ओतलं जातं. नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी वसली १९१० ला, आणि बिडाचा नांगर शेतात घातला तर जमिनीत विष कालवलं जाईल म्हणून घाबरणारे शेतकरी त्याआधी होते असं सांगतात, आज त्याच भागात जुन्या इंजिनांचे ब्लॉक नवे-जुने दोन्ही शोधले तर मिळतात. दुरुस्तीचा खर्च काढताना ही किंमत आधी विचारून घ्या, नाहीतर मढ्यावर पैसा घातल्यासारखं होतं.

बाहेरच्या जॅकेटची चीर धरून चालू. पर्याय बरेच आहेत, सोप्यापासून सांगतो.

दोन नळ्यांची मेटल पुट्टी. लोक हसतात पण जॅकेटवर ती खरंच चालते, फक्त तिला बीड दिसलं पाहिजे, तेल आणि गंज नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ एमएमचं भोक, चिरेवर व्ही आकाराची खाच, थिनरने दोनदा पुसणं, ब्लॉक उन्हात कोमट करणं आणि पुट्टी दाबून भरून २४ तास हात न लावणं. जॅकेटचं पाणी नीट फिरत असेल तर शंभर अंशांच्या आतच राहतं, तेवढं बऱ्याच पुट्ट्या सोसतात, डब्यावर किती तापमान लिहिलंय ते बघून घ्या. एक्झॉस्टच्या जवळ मात्र नको.

दुसरा पर्याय पट्टीचा, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडलं असेल तर हाच कामाचा. तीन-चार एमएमचा पत्रा भगदाडापेक्षा सगळीकडून इंचभर मोठा कापायचा, ब्लॉकच्या गोलाईप्रमाणे ठोकून वळवायचा, कडेने इंचाइंचावर ६ एमएमचे आटे पाडायचे, ५ एमएमचं ड्रिल आणि मग टॅप, आणि गॅस्केट शेलॅक किंवा सिलिकॉन लावून स्क्रूने आवळायचा. दिसायला ठिगळ दिसतं, पण खाली गळतीचं थारोळं साचत नाही.

तिसरा म्हणजे स्टिचिंग, माझा आवडता, कारण यात उष्णताच नाही. चिरेच्या टोकाला भोक पाडा, आटे पाडा, त्यात आटे असलेला पितळी किंवा मऊ लोखंडी खिळा सीलंट लावून घट्ट बसवा, वरचा भाग कापा. पुढचं भोक असं पाडा की आधीच्या खिळ्याचा साधारण तिसरा भाग त्यात कापला जाईल, म्हणजे पुढचा खिळा आधीच्याला अडकून बसतो, कुणीच फिरून बाहेर येऊ शकत नाही. असं करत करत पूर्ण चीर भरायची, साखळीसारखी. शेवटी गोल तोंडाच्या हातोडीने हलकं हलकं ठोकून सगळं एकजीव करायचं आणि कानसीने सपाट. एक धोका सांगतो, साध्या आट्यांचा खिळा जास्त आवळला तर तो पाचरीसारखा चिरेला फाकवतो, बसला की थांबायचं. मोठ्या कारखान्यांत यासाठी खास आट्यांचे पिन असतात, ते उलट दोन्ही बाजूंना जवळ ओढतात, आणि ताण येणाऱ्या जागी चिरेला आडवी कुलपं बसवतात, म्हणजे भोकांची एक ओळ पाडून त्यात त्याच आकाराची धातूची पट्टी ठोकायची. चार बोटांच्या चिरेला पंधरा-वीस खिळे लागतात, अर्धा दिवस जातो, पण काही तुटत नाही.

चौथा पितळी वेल्डिंग, गॅसवर. पितळी रॉड ९०० अंशांच्या आसपास वितळतो आणि बीड ११५० च्या वर, त्यामुळं बीड न वितळता पितळ त्याच्यावर पसरून धरतं. टाकणखाराचा फ्लक्स लागतो आणि ब्लॉकचा तो भाग मंद लाल होईपर्यंत तापवावा लागतो. धरतं छान, पण एकदा पितळ मारलं की नंतर त्यावर निकेलचा टाका नीट बसत नाही, त्यामुळं आधी ठरवा. पाचवा म्हणजे गरम वेल्डिंग, सगळा ब्लॉक विटांच्या भट्टीत सहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत हळूहळू चढवायचा, बिडाच्याच रॉडने गॅसवर भरायचा आणि भट्टीतच दोन दिवस गार होऊ द्यायचा. करणारे जुने मिस्त्री हे काम असं करतात की टाका ओळखू येत नाही, पण नंतर बोअर आणि हेडचा पृष्ठभाग परत मशिनिंगला द्यावाच लागतो, आणि घरी जमणारं काम नाही हे.

राहिला सहावा, थंड वेल्डिंग निकेल रॉडने. त्या मालकाच्या ब्लॉकला मी हेच केलं, कारण आधीच्या टाक्याने जागा इतकी खराब केली होती की खिळे बसवायला धड बीड उरलं नव्हतं.

निकेलच का, तर निकेल बिडातला कार्बन घेऊनही कडक होत नाही, टाका मऊ राहतो आणि आकसताना स्वतः थोडा ताणला जातो, म्हणजे बिडाला ओढत नाही. बाजारात दोन प्रकार, एक जवळपास शुद्ध निकेलचा, ९९ म्हणतात, तो मऊ, पातळ भागांना आणि नंतर मशिनिंग करायचं असेल तिथं. दुसरा निकेल-लोखंडाचा, ५५ म्हणतात, तो जास्त ताकदीचा, जाड भागांना. दोन्ही महाग, दुकानदार किलोवर नाही नगावर देतो, आणि उघड्या पाकिटातले घेऊ नका, ओल धरलेल्या रॉडने टाक्याला भोकं पडतात.

आधी जुना टाका काढला. कडक झालेला, कार्बाइडच्या बरने, म्हणजे फिरणाऱ्या दातेरी टोकाने, चाटत चाटत काढला, त्यातच दीड तास गेला. मग तिन्ही चिरांच्या टोकांना, खुणेच्या किंचित पुढं, एक सुती म्हणजे ३ एमएमची भोकं. या भोकाशिवाय पुढं जाऊच नका, चिरेचं टोक सुईसारखं धारदार असतं आणि सगळा ताण तिथं गोळा होतो, गोल भोकात तो विखुरतो. मग खाच, साठ-सत्तर अंशांची, जाडीच्या दोन तृतीयांश खोल, तळ गोलसर. खाच ग्राइंडरने केली असेल तर शेवटचा हात कानसीने किंवा छिन्नीने मारा, ग्राइंडरचा चाक ग्रॅफाइट पृष्ठभागावर फासून ठेवतो आणि मग टाका धरत नाही, पाण्याच्या थेंबासारखा गोळा होऊन बसतो.

जुन्या ब्लॉकच्या बिडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. गॅसच्या मऊ ज्योतीने तो भाग हळूहळू तापवून धूर येणं थांबेपर्यंत तेल जाळून टाका, थंड होऊ द्या, परत ब्रश. इथं एक गोष्ट जिवाची आहे. ब्रेक क्लीनरच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीनवाले द्रव असतात, ते लावलेल्या जागेवर आर्क मारला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या जागी असलं काही वापरू नका, रॉकेल आणि मग थिनरने पुसून पूर्ण वाळू द्या. जॅकेटची सगळी भोकं उघडी ठेवा, आत पाणी राहिलं आणि वाफ कोंडली तर टाक्यातनं ती फुटून बाहेर येते. आणि निकेलचा धूर छातीला वाईट, शेडमध्ये नाही, दारात बसून करा.

आता प्रत्यक्ष टाके. २.५ एमएमचा रॉड, करंट साधारण ६० ते ८० अँपिअर, जेवढा कमी ठेवता येईल तेवढा, पोलॅरिटी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. ब्लॉक हाताला कोमट लागेल इतका उन्हात किंवा गॅसवर आणा. पहिला टाका जास्तीत जास्त एक इंच, रॉड सरळ ओढायचा, नागमोडी हलवायचा नाही, शेवटी खड्डा भरून मग उचलायचा. रॉड उचलल्या उचलल्या, टाका लाल असतानाच, गोल तोंडाच्या हातोडीने टकटकटक हलके ठोके, सगळा टाका चेपेपर्यंत. हे ठोके म्हणजे सगळ्या कामाचा जीव आहेत, गार होताना टाका आकसायला जातो आणि आपण त्याला ठोकून पसरवत राहतो, दोन्ही बळं एकमेकांना मारतात. जोरात ठोकायचं नाही, पापड लाटताना लाटणं फिरवतो तेवढाच जोर, पण भराभर.

मग थांबायचं. टाक्याच्या शेजारी उघडा तळवा ठेवता आला पाहिजे, तोवर दुसरा टाका नाही. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर साठ-पासष्ट अंशांच्या खाली, फक्त घासून चकचकीत केलेल्या जागेवर ती चुकीचं सांगते, काळ्या भागावर मारा. दुसरा टाका पहिल्याला लागून नाही, लांब, चिरेच्या दुसऱ्या बाजूला, तिसरा मध्ये. चीर ब्लॉकच्या काठापर्यंत गेली असेल तर आतल्या भोकाकडून काठाकडं सरकत यायचं, म्हणजे आकसायला मोकळी बाजू राहते. फुंकणी, पंखा, ओलं फडकं काहीही लावायचं नाही.

इथंच माणसं चुकतात आणि मीही चुकलोय, म्हणून सांगतो. सुरुवातीला शिकत असताना एका जनरेटरच्या ब्लॉकवर मी चार इंच सलग टाका ओढला, इतका छान गेला की मधेच थांबावं असं वाटेना. टाक्यावरची स्लॅगची खपली काढली, उस्तादांना दाखवला, ते काही बोलले नाहीत, म्हणाले चल चहा पिऊ. टपरीवर कप हातात घेतला आणि शेडमधनं आवाज आला, टिंग. बारीक, काचेच्या बांगडीसारखा. उस्ताद म्हणाले, आता जाऊन बघ कुठनं गेलाय. गेलो तर टाका जसाच्या तसा आणि त्याच्या अर्धा सूत शेजारून नवी चीर, पहिलीपेक्षा लांब. तेव्हापासून टाका झाला की कान तिकडंच असतो. टिंग ऐकू आलं तर पुढं टाके मारत बसू नका, खडू-रॉकेल काढा, नवी चीर शोधा, तिलाही टोकाला भोक पाडा आणि परत सुरू करा, पर्याय नाही.

त्या मालकाच्या तीन चिरांना मिळून सतरा टाके झाले दोन थरांत. प्रत्येकामागं सात-आठ मिनिटं थांबणं. दुपारी दोनला बसलो ते पाच वाजले, मालक तीनदा येऊन गेले, झालं का, झालं का. शेवटी त्यांना हातोडी देऊन ठोकायला बसवलं. काम संपल्यावर ब्लॉक वाळूत पुरून ठेवला, पूर्ण कोरड्या वाळूत. राख चालते, चुन्याची कोरडी भुकटी चालते, ग्लासवूल असेल तर सगळ्यात बरं, मुद्दा एवढाच की गार व्हायला रात्रभर लागली पाहिजे.

याच निमित्ताने एक गोष्ट आठवते, कारण लोकांना वाटतं बिडाचं वेल्डिंग म्हणजे जुगाड. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरायच्या बेतात असताना तिथल्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी आपल्या इंजिनांचे बिडाचे सिलेंडर मुद्दाम फोडून ठेवले, जहाजं अमेरिकेच्या उपयोगी पडू नयेत म्हणून. नवे सिलेंडर ओतायला फार काळ गेला असता, तर अमेरिकन नौदलाने ते सिलेंडर इलेक्ट्रिक वेल्डिंगने आणि पट्ट्या मारून काही महिन्यांत दुरुस्त केले आणि त्याच जहाजांतनं सैन्य युरोपात पाठवलं. ब्लॉक फुटलाय म्हणून हताश झालेल्या गिऱ्हाइकाला मी हे सांगतो, त्याला जरा धीर येतो.

तर पुढं, टेस्ट. ब्लॉक गार झाला की परत खडू-रॉकेल. मग जॅकेटची सगळी तोंडं रबरी पॅकिंग आणि पत्र्याने बंद करून, एका तोंडाला हातपंप आणि गेज जोडून पाण्याने दोन बारच्या आसपास दाब द्या आणि अर्धा तास ठेवा. पाण्यानेच द्या, कोंडलेली हवा फुटली तर तुकडे उडतात. पाणी गरम असेल तर उत्तम, गारमध्ये बंद राहणारी केसाएवढी चीर गरम झाल्यावर तोंड उघडते. गेजचा काटा पडला नाही आणि टाक्यावर घाम आला नाही तर झालं. अगदी एखाद्या जागी टाचणीएवढा घाम येत असेल तर सगळं उकरू नका, तिथं ३ एमएमचा एक खिळा आटे पाडून बसवा किंवा गोल हातोडीने चेपा, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबतं.

जोडायच्या आधी जॅकेट आतून साफ करा, हे कुणी करत नाही. विहिरी-बोअरच्या जड पाण्याने आत क्षाराचा थर बसलेला असतो, खाली तर गाळ दगडासारखा, तिथं पाणी फिरतच नाही आणि तोच भाग परत तापतो. किराणा दुकानातलं लिंबूफूल कोमट पाण्यात कालवून रात्रभर भरून ठेवा, फसफसून थर सुटतो, मग खाली हुक घालून गाळ खरवडा आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. हेडचा पृष्ठभाग पट्टी लावून तपासा, पट्टीखाली फीलर गेजची बारीक पाती जात असेल तर सरफेस करून सपाट करायला द्या. गॅस्केट नवीन. हेडचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, तीन हप्त्यांत, मधून बाहेरच्या क्रमाने.

पहिल्यांदा सुरू केलं की लोड देऊ नका, अर्धा तास नुसतं चालू द्या, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, नट परत टॉर्क करा, मग पाणी उपसायला लावा. फूटव्हॉल्व्हची जाळी तेवढी बदला. त्या मालकांनी बदलली नव्हती, मी फोनवर दोनदा विचारलं तेव्हा बदलली. आणि पहिले आठ दिवस रात्री इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी काढून बघा. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर आठही सकाळचे फोटो पाठवले, सात कोरडे आणि एकावर ओला डाग, मी लगेच गाडीला किक मारून गेलो, तर रात्री कुत्रं मुतून गेलं होतं.